कोलंबस, इंडियाना : नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी गावाची आणि तेथील कचेऱ्यांची ओळख

पुण्याच्या कोथरूडमध्ये १९६२ साली किर्लोस्कर कमिन्सचा इंजिनांचा कारखाना सुरू झाला आणि अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस या लहानशा गावाचे नाव पुण्यातील कितीतरी घरांत रुळले. कमिन्स कंपनी १९१९ मध्ये याच गावात स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय आजही येथेच आहे. त्यामुळे पुण्याहून किंवा फलटणच्या प्रकल्पातून दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर येणारी, आणि पुढे कधी कायमची स्थायिक होणारी, मराठी कुटुंबे येथे नेहमीच भेटतात. येणाऱ्याला कंपनीची माहिती पुरेपूर असते. गाव मात्र त्याला अनोळखी असते आणि हे गाव एका काउंटीचे मुख्य ठिकाण आहे म्हणजे नेमके काय, हे त्याला कोणीही समजावून सांगितलेले नसते. अमेरिकेत सरकार एक नसून चार-पाच असतात. कोणते काम कोणत्या सरकारच्या कचेरीत होते हे एकदा समजले की पहिल्या वर्षातले बरेचसे हेलपाटे वाचतात. मी स्वतः गाडीच्या नोंदणीसाठी आधी कोर्टहाउसमध्ये आणि मग सिटी हॉलमध्ये गेलो होतो. दोन्ही ठिकाणी माझ्याशी अत्यंत सौजन्याने बोलण्यात आले, पण ते काम या दोन्हीपैकी एकाचेही नव्हते. हा लेख त्या दिवसापासून मनात होता.

तिकीट काढण्यापूर्वी

अमेरिकेत कोलंबस नावाची गावे अनेक आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठे ओहायो राज्याची राजधानी आहे. विमानाचे तिकीट शोधताना नुसते ‘कोलंबस’ लिहिले की ओहायोचा विमानतळ समोर येतो, आणि तेथे उतरलेल्या माणसाला आपल्या कोलंबसला येण्यासाठी गाडीने आणखी तीन तासांहून अधिक प्रवास करावा लागतो. आपल्याला उतरायचे आहे ते इंडियानापोलिसला. तेथून गाव साधारण ५० मैलांवर, म्हणजे गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. कोलंबसलाही विमानतळ आहे, तो पूर्वी हवाई दलाचा तळ होता, पण तेथे नियमित प्रवासी विमाने येत नाहीत. हीच काळजी पत्ता लिहितानाही घ्यावी: राज्याचे नाव आणि ४७२०१ किंवा ४७२०३ हा पिन कोड सोडू नये.

गाव पूर्वेकडील प्रमाणवेळेत आहे. मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत भारत साडेनऊ तास पुढे असतो आणि उरलेल्या महिन्यांत साडेदहा तास. पुण्याशी रोज बोलणे असणाऱ्यांनी नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारची तारीख आधीच लिहून ठेवावी, कारण त्या सोमवारी नेमकी कोणाची तरी बैठक चुकते.

पहिल्या शनिवारी पायी फेरी

आय-६५ या महामार्गावरून ६८ क्रमांकाच्या फाट्याला बाहेर पडले की लाल कमानीचा पूल दिसतो आणि राज्य मार्ग ४६ गावाकडे नेतो. नदीवर तारांनी तोललेला दुसरा पूल लागतो, आणि त्यावरून गावात शिरताना कोर्टहाउसचा घड्याळाचा मनोरा समोर उभा राहतो. नव्या माणसाने हीच खूण धरून ठेवावी. १८७४ साली पूर्ण झालेली, आयझॅक हॉजसन यांनी आराखडा केलेली ही लाल विटांची इमारत म्हणजे बार्थोलोम्यू काउंटीचे केंद्र. काउंटी १८२१ मध्ये स्थापन झाली आणि तिला जनरल जोसेफ बार्थोलोम्यू यांचे नाव देण्यात आले. आपल्याकडे ‘जिल्ह्याचे ठिकाण’ म्हणतो त्या शब्दाच्या जवळ जाणारीच ही कल्पना आहे, फक्त आकार तालुक्याएवढा समजावा: २०२० च्या जनगणनेत काउंटीत सुमारे ८२ हजार आणि कोलंबस शहरात सुमारे ५० हजार माणसे होती. इंडियानात अशा ९२ काउंट्या आहेत.

गाडी कोर्टहाउसजवळ उभी करून पायी निघावे. गावाच्या मध्यभागात क्रमांकांचे रस्ते पूर्व-पश्चिम जातात आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे त्यांचे आकडे वाढत जातात. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, लाफायेट हे रस्ते त्यांना काटकोनात छेदतात. एवढे लक्षात आले की रस्ता चुकत नाही. वॉशिंग्टन स्ट्रीटवरून उत्तरेकडे चालत पाचव्या रस्त्यापर्यंत गेले की डावी-उजवीकडे जे दिसते ते पाहण्यासाठी जगभरातील वास्तुविद्येचे विद्यार्थी येतात. १९४२ मध्ये एलिएल सारिनेन यांनी बांधलेले फर्स्ट ख्रिश्चन चर्च, त्याचा उंच सडपातळ मनोरा, आणि रस्त्यापलीकडे आय. एम. पेई यांनी १९६९ मध्ये बांधलेले सार्वजनिक ग्रंथालय. दोघांच्या मधल्या विटांच्या चौकात हेन्री मूर यांची काशाची कमान उभी आहे. तिच्याखालून चालत जाता येते, आणि लहान मुले तिच्यावर थापा मारत आत-बाहेर धावताना रोज दिसतात.

इतक्या लहान गावात हे कसे घडले याचे उत्तर जे. अर्विन मिलर या उद्योगपतीकडे जाते. कमिन्सचे प्रमुख असताना त्यांनी पन्नासच्या दशकात एक योजना आखली: गावाने नवी सार्वजनिक इमारत बांधताना सुचवलेल्या यादीतला वास्तुविशारद निवडला, तर त्याचे मानधन कंपनीचे प्रतिष्ठान देईल. त्यातून १९५७ मध्ये हॅरी वीस यांनी पहिली शाळा बांधली, आणि पुढे शाळा, अग्निशामक केंद्रे, टपाल कार्यालय अशा रोजच्या वापराच्या इमारती उभ्या राहिल्या. आपले मूल ज्या शाळेत जाणार ती शाळाही कदाचित याच योजनेतली असेल. मिलर यांचे स्वतःचे घर एरो सारिनेन यांनी १९५७ मध्ये पूर्ण केले; ते आता इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे आहे आणि आधी नोंदणी करून पाहता येते. पाहुणे आले की नेमके तिकीट मिळत नाही, म्हणून नोंदणी लवकर करावी.

परतताना कोर्टहाउसच्या आवारातील चुनखडीच्या स्तंभांपाशी थांबावे. हे काउंटीतील हुतात्मा सैनिकांचे स्मारक १९९७ मध्ये उभारले गेले. पंचवीस चौकोनी स्तंभ, प्रत्येक सुमारे ४० फूट उंच, एकमेकांना इतके खेटून की त्यांच्यामधून एकट्यानेच जावे लागते. बाहेरून हे नुसते दगड वाटतात. आत शिरल्यावर त्यांच्या पृष्ठभागावर कोरलेली नावे आणि सैनिकांनी घरी पाठवलेल्या पत्रांतील मजकूर दिसू लागतो; अक्षरे डोळ्यांच्या उंचीवर आहेत आणि दगड खडबडीत असल्याने वाचताना बोट फिरवले जातेच. मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी येथे नेतो, कारण काउंटी म्हणजे केवळ कर घेणारी कचेरी आहे ही समजूत या स्तंभांच्या मधोमध उभे राहिल्यावर टिकत नाही.

कोणते काम कोणाचे

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालय म्हटले की बहुतेक वाटा तेथे जाऊन मिळतात. येथे जिल्हाधिकारी नसतो. काउंटीचा कारभार तीन निवडून आलेले कमिशनर पाहतात, तिजोरीचे निर्णय सात जणांची काउंटी कौन्सिल घेते, आणि याशिवाय ऑडिटर, ट्रेझरर, असेसर, रेकॉर्डर, क्लार्क, शेरीफ, सर्व्हेअर, कोरोनर हे सगळे अधिकारी मतदारांनी स्वतंत्रपणे निवडून दिलेले असतात. त्यामुळे एका खिडकीवरचा कर्मचारी दुसऱ्या खिडकीचे काम करत नाही. तो अडवणूक करत नसतो, त्याला तो अधिकारच नसतो.

क्लार्क हे पद आपल्याकडील कारकुनाचे नव्हे. काउंटीचा क्लार्क न्यायालयाचे दप्तर, निवडणुका आणि विवाहाचे परवाने सांभाळतो. येथे लग्न करायचे असल्यास वधू-वर दोघांनी त्याच्या कचेरीत प्रत्यक्ष जावे लागते, आणि मिळालेला परवाना ६० दिवसांत वापरावा लागतो. न्यायालये आणि क्लार्क कोर्टहाउसमध्ये आहेत. जमीन आणि कर यांच्या कचेऱ्या जवळच तिसऱ्या रस्त्यावरील काउंटीच्या वेगळ्या इमारतीत आहेत. घराची किंमत ठरवतो तो असेसर, सवलती नोंदवतो तो ऑडिटर, पैसे घेतो तो ट्रेझरर आणि खरेदीखत दप्तरी लावतो तो रेकॉर्डर. घर घेतल्यावर या चारही नावांशी संबंध येतो, म्हणून हा क्रम पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

जन्माचा दाखला काउंटीच्या आरोग्य विभागाकडून मिळतो. येथे मूल झाले तर या दाखल्याच्या दोन-तीन प्रती एकदमच घ्याव्यात, कारण पासपोर्टच्या अर्जाला मूळ प्रत जोडावी लागते आणि ती परत येईपर्यंत दुसरे काम अडते. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआयची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या कार्डाची) कामे शिकागोच्या भारतीय वकिलातीच्या कक्षेत येतात. काउंटीचा त्यांच्याशी संबंध नाही.

शहराचा कारभार वेगळा. त्याला महापौर आणि नगरपरिषद असते. सिटी हॉल कोर्टहाउसपासून चालत दोन मिनिटांवर आहे, आणि ती इमारतही पाहण्यासारखी आहे: प्रवेशद्वारावर दोन बाजूंनी विटांचे दोन लांब बाहू पुढे येतात आणि एकमेकांना न भिडता मधे आकाशाची फट ठेवतात. पाणी, सांडपाणी, कचरा, शहरातील रस्ते, उद्याने आणि शहराची बससेवा ही कामे येथली. बस मोजक्या मार्गांवर चालते. गाडी येईपर्यंत तिचा आधार आहे, पण तिच्या भरवशावर रोजची नोकरी गाठणे अवघड जाते. चालण्या-सायकलसाठी ‘पीपल ट्रेल’ या नावाचे पथ मात्र गावभर आहेत आणि ते उत्तम आहेत.

आपले घर शहराच्या हद्दीत आहे की बाहेर, हे आधी विचारून घ्यावे. हद्दीबाहेर पोलीस म्हणजे शेरीफ, रस्ता म्हणजे काउंटीचा रस्ता, आणि पुष्कळ ठिकाणी वीज देणारी संस्था म्हणजे बार्थोलोम्यू काउंटी आरईएमसी. ही ग्राहकांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे; सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला तिची रचना समजावून सांगावी लागत नाही. हद्दीबाहेरचे पत्ते सुरुवातीला कोडे वाटतात. ‘४०० नॉर्थ’ नावाचा रस्ता म्हणजे काउंटीच्या मधल्या आडव्या रेषेपासून चार मैल उत्तरेकडचा रस्ता. शंभराचा एक मैल असा हिशेब असतो. हा नियम समजला की शेताच्या मधोमध फोनची रेंज गेली तरी दिशा चुकत नाही.

पहिले साठ दिवस

पगार आणि कर यांसाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर देणे हे केंद्र सरकारचे काम आहे. देशात प्रवेश केल्याची नोंद त्यांच्या संगणकात दिसू लागायला काही दिवस लागतात, म्हणून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी धावपळ करू नये. आठ-दहा दिवसांनी पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे आणि आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) ची प्रत घेऊन त्यांच्या कचेरीत जावे.

गाडी आणि लायसन्स ही राज्य सरकारची कामे आहेत आणि ती बीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या, शाखेत होतात. राज्यात राहायला आल्यापासून ६० दिवसांच्या आत इंडियानाचे लायसन्स घ्यावे आणि दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीची नोंदणीही तेवढ्याच मुदतीत करावी. ओळख, कायदेशीर वास्तव्य आणि सोशल सिक्युरिटी यांच्या पुराव्याबरोबर पत्त्याचे दोन वेगवेगळे पुरावे लागतात; येथेच बहुतेकांची फेरी फुकट जाते. घरभाड्याचा करार एकट्याच्या नावावर असला की पतीचे किंवा पत्नीचे काम अडते. म्हणून करार, विजेचे बिल आणि बँकेचे खाते यांवर पहिल्या दिवसापासून दोघांची नावे घालावीत. भारतातील लायसन्स असले तरी दृष्टी, लेखी आणि प्रत्यक्ष चालवण्याची, अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा सोपी समजून कोणी जाऊ नये; राज्याची नियमपुस्तिका शांतपणे वाचावी. व्हिसावर असणाऱ्यांचे लायसन्स वास्तव्याच्या परवानगीबरोबरच संपते, तेव्हा मुदतवाढ मिळाली की त्या कागदासह पुन्हा बीएमव्हीत जावे.

पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाने एक नियम विशेष ध्यानात ठेवावा. पिवळी स्कूल बस थांबून तिचा लाल ‘स्टॉप’ फलक बाहेर आला की मागून येणाऱ्याने आणि समोरून येणाऱ्यानेही थांबायचे असते. रस्त्याच्या मधोमध दुभाजक असेल तरच समोरच्याला मोकळीक. दंडापेक्षाही ज्या मुलाचे पाऊल रस्त्यावर पडणार आहे त्याचा विचार येथे मोठा आहे.

गाडीच्या विम्याची किमान मर्यादा राज्याने ठरवलेली आहे: एका व्यक्तीच्या दुखापतीसाठी २५ हजार, एका अपघातातील सर्वांसाठी मिळून ५० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५ हजार डॉलर. येथील रुग्णालयाचा खर्च पाहता ही रक्कम फार अपुरी आहे. हप्ता थोडा वाढला तरी मर्यादा वाढवून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

घर पाहताना पाणी पाहावे

ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाच्या कडेला एकत्र येतात आणि तेथून पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडील फाटा सुरू होतो. संगमाशेजारचे मिल रेस पार्क हे उद्यान १९९२ मध्ये मुद्दाम असे रचले गेले की पूर आला तरी त्याचे फारसे बिघडू नये. गावातून वाहणारी हॉ क्रीक मात्र साध्या ओढ्यासारखी दिसते आणि म्हणूनच फसवते. २००८ च्या जूनमध्ये अतिवृष्टीने ती फुगली, काउंटीचे रुग्णालय पाण्यात गेले, रुग्णांना रातोरात हलवावे लागले आणि रुग्णालय पुन्हा पूर्ण सुरू होण्यास कित्येक महिने लागले. गावातील जुनी माणसे आजही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणना करतात.

म्हणून घर भाड्याने घ्यायचे असो वा विकत, पत्ता केंद्र सरकारच्या पूर-नकाशावर तपासून पाहावा. नकाशा विनामूल्य उपलब्ध आहे आणि शहर व काउंटीचा नियोजन विभाग तो वाचण्यास मदत करतो. घराच्या किंवा भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते, तो विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो लागू होण्यास साधारणपणे ३० दिवस जावे लागतात. आम्ही पहिल्या वर्षी भाड्याने घेतलेल्या घराच्या तळघरात पूर्वी पाणी आले होते हे मालकाने सांगितले नव्हते. मार्चमधल्या पावसात भारतातून आणलेली पुस्तकांची दोन खोकी भिजली. त्यानंतर मी प्रत्येक तळघरात भिंतीच्या तळाशी पिवळसर रेघ आहे का, हे आधी वाकून पाहतो. ती दिसली तर ‘पाणी कधी आणि किती आले होते’ असा सरळ प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

विकत घेतलेल्या घरात स्वतः राहणार असाल तर ऑडिटरच्या कचेरीत ‘होमस्टेड’ सवलतीचा अर्ज झाला आहे याची खात्री करून घ्यावी. खरेदीच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात तो बहुधा असतो, पण दप्तरी लागला की नाही हे आपणच विचारायचे असते. इंडियानाच्या कायद्याप्रमाणे राहत्या घरावरील कराला ठरवलेल्या किमतीच्या १ टक्क्याची मर्यादा आहे आणि भाड्याने दिलेल्या घरांना २ टक्क्यांची. अर्ज राहून गेला तर आपले राहते घर भाड्याच्या घरासारखे मोजले जाण्याची शक्यता असते. कर वर्षातून दोनदा, १० मे आणि १० नोव्हेंबरच्या सुमारास, ट्रेझररकडे भरायचा असतो.

एक जानेवारीला तुम्ही कोठे होता

इंडियानात राज्याच्या प्राप्तिकराबरोबर काउंटीचाही प्राप्तिकर असतो आणि तो १ जानेवारीला तुम्ही कोणत्या काउंटीत राहत होता यावर ठरतो. नोकरीला लागताना भरायच्या डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर हाच प्रश्न असतो. वर्षाच्या मधे भारतातून आलेला माणूस त्या दिवशी इंडियानात राहतही नव्हता आणि येथे कामही करत नव्हता, तेव्हा त्या वर्षापुरता त्याला काउंटीचा कर लागत नाही. फॉर्मवर सवयीने ‘बार्थोलोम्यू’ लिहिले तर पगारातून तो कापला जातो, आणि मग विवरणपत्र भरून परत मागावा लागतो. पुढच्या जानेवारीत मात्र फॉर्म आठवणीने बदलून द्यावा.

मुलांची शाळा

कोलंबस आणि आसपासच्या शाळा बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशनकडे आहेत. काउंटीच्या ईशान्येकडे, होप गावाच्या परिसरात, फ्लॅट रॉक-हॉक्रीक नावाचे दुसरे शाळामंडळ आहे. ही मंडळे शहर आणि काउंटी दोन्हींपासून स्वतंत्र असतात. शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे आधी शाळा पाहावी आणि मग घर. वर्ष ऑगस्टमध्येच सुरू होते. जूनच्या हिशेबाने येणाऱ्या आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावे. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागते. कांजिण्या आणि हिपॅटायटिस-ए यांच्या दोन-दोन मात्रा येथे आवश्यक आहेत आणि भारतात त्या बऱ्याच मुलांना दिलेल्या नसतात किंवा एकच दिलेली असते. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून सर्व लसींच्या तारखा छापील कागदावर सही-शिक्क्यासह घ्याव्यात.

ग्रंथालयाचे कार्डही याच आठवड्यात काढावे. पत्त्याचा पुरावा पुरतो, शुल्क नसते, आणि नोकरी नसलेल्या जोडीदाराला या परक्या गावात ओळखी जुळवण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

सही करण्यापूर्वी

हा भाग लहान आहे, पण कृपया दोनदा वाचावा. लायसन्स काढताना मतदार म्हणून नोंदणी करायची आहे का, असा प्रश्न विचारला जातो. जो अमेरिकेचा नागरिक नाही त्याने स्पष्टपणे ‘नाही’ म्हणावे, मग त्याच्याकडे ग्रीन कार्ड असले तरीही. घाईत केलेली ती एक सही पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आणि प्रसंगी वास्तव्यातच मोठी अडचण निर्माण करते.

न्यायालयाकडून ज्यूरीच्या (खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाच्या) सेवेची प्रश्नावली आली तर घाबरू नये आणि ती कचऱ्यातही टाकू नये. नावे लायसन्स आणि कराच्या नोंदींतून काढली जात असल्याने ती परदेशी नागरिकांनाही येते. ‘मी अमेरिकेचा नागरिक नाही’ या चौकटीवर खूण करून, सही करून, दिलेल्या मुदतीत परत पाठवावी.

हिवाळ्यात काउंटीचे रंग

हिमवर्षाव झाला की गाडी बाहेर काढायची की नाही हे प्रत्येक काउंटी स्वतः जाहीर करते आणि राज्याच्या नकाशावर ते रंगाने दाखवले जाते. पिवळा म्हणजे ‘ॲडव्हायझरी’, सांभाळून जावे. नारिंगी म्हणजे ‘वॉच’, अत्यावश्यक कामाखेरीज निघू नये. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’, रस्ते केवळ आपत्कालीन सेवेसाठी. कंपनी सुरू आहे म्हणून रस्ता खुला आहे असे समजू नये. शेजारची काउंटी वेगळ्या रंगात असू शकते, म्हणून इंडियानापोलिसच्या मंदिरात किंवा किराण्याला निघताना वाटेतल्या काउंट्याही पाहाव्यात.

वसंतात चक्रीवादळाचे भोंगे वाजतात. त्यावेळी ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती तशी आहे आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसले आहे किंवा रडारवर आढळले आहे. दुसरा शब्द ऐकताच सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जावे. न्हाणीघर चालते.

चांगल्या ऋतूत मात्र बाहेर पडावे. ऑक्टोबरमध्ये सिटी हॉलच्या परिसरात एथनिक एक्स्पो भरतो आणि निरनिराळ्या देशांची माणसे आपापले पदार्थ मांडतात. जुलैत काउंटीचा ४-एच या मुलांच्या उपक्रमाचा मेळा असतो. शेतकऱ्यांच्या मुलांनी वर्षभर वाढवलेली वासरे, मेंढ्या आणि डुकरे तेथे मांडलेली असतात आणि ती मुले त्यांच्याविषयी अतिशय अभिमानाने बोलतात. कमिन्सच्या इमारतींपलीकडची काउंटी शेतीवर उभी आहे हे तेथे कळते. पानगळीचे रंग पाहण्यासाठी ४६ क्रमांकाच्याच रस्त्याने पश्चिमेला ब्राउन काउंटीत जावे. तिचे मुख्य ठिकाण असलेले नॅशव्हिल हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव आहे. काउंटीचे ठिकाण किती लहान असू शकते ते तेथे दिसते.

गाव सोडताना

नेमणूक संपली की सामान बांधण्याच्या गडबडीत कागद मागे राहतात. टपाल कार्यालयात नवा पत्ता द्यावा. अमेरिकेतच दुसरीकडे जात असाल तर टपाल साधारण वर्षभर तिकडे वळवले जाते. भारतात परतत असाल तर विश्वासू मित्राचा पत्ता द्यावा आणि कंपनीलाही तोच कळवावा, कारण पगाराचे डब्ल्यू-२ हे पत्रक पुढच्या जानेवारीत येते आणि त्याशिवाय शेवटचे विवरणपत्र भरता येत नाही. घर विकले नसेल पण त्यात राहणे थांबवले असेल, तर होमस्टेडची सवलत संपल्याचे ऑडिटरला ६० दिवसांच्या आत कळवावे लागते. न कळवल्यास मागचा फरक दंडासह वसूल होतो. निघण्याची तारीख आपल्या हातात असेल तर १ जानेवारीचा नियम पुन्हा आठवावा, कारण त्या दिवशी येथे राहत असलेल्याला त्या वर्षी येथील काउंटीचा कर लागतो. गाडी विकताना मालकीच्या कागदावर सही करून दिल्यावर नंबर प्लेट काढून घ्यावी, ती गाडीबरोबर देऊ नये. आणि ग्रंथालयाची पुस्तके कपाटामागे, गाडीच्या सीटखाली नीट शोधून, निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन परत करावीत.